खाऱ्या पाण्यातील माशांचे नेत्ररोग : परीक्षा आणि उपचार

समुद्रकिनाऱ्यापासून जवळजवळ चारशे किलोमीटर आत असलेल्या निलंग्यात समुद्रातील माशांच्या डोळ्यांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी कोणाला विचित्र वाटेल. ज्या तालुक्यातून तेरणा आणि मांजरा वाहतात तेथल्या माणसाला मरळ, रोहू, कटला हे मासे परिचयाचे. समुद्राचा मासा म्हणजे बाजारातला सुकट-बोंबील, एवढीच आपली ओळख. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा मराठवाड्यातून मुंबईस जाणारा माणूस ते पाहून यावयाचा आणि गावी आल्यावर त्या रंगीत माशांचे वर्णन चार जणांना ऐकवावयाचा. आज ती स्थिती राहिलेली नाही. कृत्रिम समुद्री मीठ पिशवीत मिळते, ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून जिवंत मासा रात्रीच्या बसने मुंबई-हैदराबादहून येतो, आणि जिल्ह्याच्या गावीच काय, तालुक्याच्या गावीही एखाद्या दिवाणखान्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा पोहताना दिसू शकतो.

किनाऱ्यावरच्या मत्स्यालयाला एक मोठी सोय असते. पाणी बिघडले तर शेजारी समुद्र आहे. आपल्याकडे समुद्र बादलीत कालवावा लागतो. तो कालवताना चूक झाली तर तिची पहिली खूण पुष्कळदा माशाच्या डोळ्यावर उमटते. डोळा पांढरट होतो, फुगतो, त्यात बुडबुडे दिसतात. मालक घाबरतो, दुकानदाराला दूरध्वनी करतो आणि हाती लागेल ते औषध टाकीत ओततो. मासा डोळ्याच्या विकाराने मरत नाही इतका तो या घाईने मरतो. म्हणून डोळ्याचा विकार कसा ओळखावा आणि उपचार कोणत्या क्रमाने करावा, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

माशाचा डोळा

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. आपल्या डोळ्याला पापणी आहे. धूळ आली की ती मिटते, अश्रू डोळा धुऊन काढतात. आपण टाकीत पाळतो त्या माशांना अशी मिटणारी पापणी नसते. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर मंडळी कॉर्निया म्हणतात, तो अहोरात्र पाण्याला भिडलेला असतो. पाण्यात जे असेल ते सोसणे त्याला भाग आहे.

त्या पडद्याच्या आत भिंग असते. माणसाचे भिंग चपटे असते, माशाचे जवळजवळ गोटीसारखे गोल असते. जवळचे-दूरचे पाहण्यासाठी आपले भिंग आकार बदलते; माशाचे भिंग एका लहान स्नायूच्या योगे मागे-पुढे सरकते. डोळ्याच्या मागच्या बाजूस अनेक माशांमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते, आणि ते दृष्टिपटलाला प्राणवायू दाबाने पुरवते. हे जाळे ध्यानात ठेवावे; बुडबुड्यांच्या विकारात त्याचा संबंध पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्ताचा खारटपणा याच्या जवळपास एक तृतीयांशच असतो. लोणच्याच्या फोडीला मीठ लावले की तिचे पाणी सुटते, त्याप्रमाणे समुद्र माशाच्या अंगातले पाणी सतत ओढून घेत असतो. मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून तो टिकतो. शरीराच्या आवरणाला कोठेही जखम झाली, मग ती खवल्यांवर असो वा डोळ्याच्या पडद्यावर, की हा तोल त्या जागी ढळतो. जखमी पडदा पांढरट का दिसतो याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

पाहण्याचे तीन प्रश्न

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याकडे पाहतो. आपणही टाकीसमोर शांतपणे दहा मिनिटे बसावे, खोलीतील दिवा मंद करावा आणि हातातल्या बॅटरीचा झोत माशावर बाजूने टाकावा. मग स्वतःस तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : एक डोळा की दोन्ही? हा सर्वांत महत्त्वाचा. एकच डोळा बिघडला असेल तर बहुधा इजा झालेली असते : दगडावर घासला, जाळीत अडकला, दुसऱ्या माशाने चावा घेतला. दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले असतील तर दोन्ही बाजूंना सारखेच पोहोचणारे कारण शोधावे. ते कारण म्हणजे पाणी, नाहीतर शरीरभर पसरलेला रोग. टाकीतल्या अनेक माशांचे डोळे एकदम बिघडले तर पाण्यावरचा संशय जवळजवळ पक्का समजावा.

दुसरा प्रश्न : ढगाळपणा कोठे आहे? झोत बाजूने टाकला म्हणजे कळते. पांढरा थर अगदी वर, काचेवर धुके बसावे तसा असेल, तर दोष पुढच्या पडद्याचा. पडदा स्वच्छ, परंतु आतली गोटीच दुधाळ दिसते, तर दोष भिंगाचा, म्हणजे मोतीबिंदूचा. या दोहोंचे कारण आणि भवितव्य अगदी वेगळे आहे.

तिसरा प्रश्न : डोळा जागच्या जागी आहे का? मासा वरून पाहावा. समोरून न दिसणारा फुगवटा वरून लगेच दिसतो. फुगवटा असल्यास आत चकाकणारे बुडबुडे आहेत का, हेही पाहावे.

यासोबत माशाचे वर्तन टिपावे. तो खातो का? श्वास जलद चालतो का? अंग दगडाला घासतो का? या चार ओळी तारखेसह वहीत लिहिल्या तर पुढे औषधाचा गुण आला की नाही हे समजते. नाहीतर आशा आणि भीती या दोघी मिळून आपणास फसवितात.

आधी पाणी

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. चुकीच्या ठिकाणी उपचार करणाऱ्याला ती हसते. माशांच्या बाबतीत मात्र रेड्याआधी पखालच तपासावी लागते.

चार गोष्टी मोजाव्यात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असावे. दूध डेअरीत ज्या तत्त्वावर लॅक्टोमीटर चालतो त्याच तत्त्वावरचा तरंगणारा काटा यासाठी मिळतो. रिफ्रॅक्टोमीटर असल्यास अधिक चांगले. उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस असावी. शेतकऱ्यांना मातीच्या परीक्षेवरून ठाऊक असलेला सामू ८.१ ते ८.४ असावा. आणि अमोनिया मुळीच नसावा.

या चौथ्या गोष्टीवर थोडे अधिक बोलले पाहिजे. मासा जो मल-मूत्र टाकतो त्यातून, आणि उरलेल्या अन्नातून, अमोनिया होतो. तो डोळ्यांचा पडदा आणि कल्ले जाळतो. टाकीच्या गाळणीत राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आपल्या शेतातल्या मातीतही युरियापासून निघालेल्या अमोनियाचे असेच रूपांतर होत असते. नव्या टाकीत हे जीवाणू वाढावयास कित्येक आठवडे लागतात. टाकी मांडून दुसऱ्याच दिवशी मासे सोडणारा मनुष्य त्यांना जणू बिनखिडकीच्या खोलीत कोंडतो.

प्रवासातही हेच घडते. पिशवीतला मासा रात्रभर श्वास सोडतो, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू उतरतो. आणि सामू उतरलेला असेतो साठलेला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विखारी बनतो. म्हणून दूरच्या प्रवासाची पिशवी उघडून तीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडीत बसू नये. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगवून उष्णता सारखी करावी, स्वागताच्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीतल्या पाण्याइतका करून ठेवावा, आणि पिशवी उघडल्यावर मासा लवकर आत घ्यावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पाणी बिघडलेले आढळले तर ताजे, नीट कालवून एक दिवस फिरविलेले खारे पाणी घेऊन टाकीतले पाव पाणी बदलावे. अमोनिया उतरेपर्यंत रोज बदलावे. पडद्याचा साधा ढगाळपणा एवढ्यानेच काही दिवसांत निवळू लागतो. तसा तो निवळला, तर औषध आणू नये.

निरनिराळे विकार

एका डोळ्याचा फुगवटा. धक्क्यामुळे डोळ्यामागे द्रव साचतो आणि डोळा बाहेर येतो. दिसावयास भयंकर, परंतु मासा खात असेल तर घाबरण्याचे कारण नाही. स्वच्छ पाणी, मंद प्रकाश आणि भांडखोर सोबत्यांपासून विलगता हा मुख्य उपचार. सूज ओसरावी म्हणून अनुभवी लोक मॅग्नेशियम सल्फेट वापरतात. वेगळ्या टाकीत साधारण ४० लिटरला एक मोठा चमचा, आधी विरघळवून. हेच द्रव्य आपल्याकडे खताच्या दुकानात मिळते, पण खताचा माल येथे चालणार नाही. औषधी शुद्धतेचाच घ्यावा. सूज उतरावयास दोन-तीन आठवडे लागू शकतात. सुईने डोळा टोचण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये.

दोन्ही डोळ्यांचा फुगवटा. पाणी निर्दोष असून दोन्ही डोळे बाहेर येत असतील, मासा अन्न सोडीत असेल, पोट फुगले असेल, अंगावर लाल चट्टे असतील, तर शरीरात जीवाणूंचा शिरकाव झाल्याचा संशय घ्यावा. समुद्री माशांत व्हिब्रिओ जातीचे जीवाणू हे नेहमीचे अपराधी. येथे जंतुनाशक लागते, आणि ते निवडण्यास जाणकार लागतो.

बुडबुडे. पंपाच्या नळीला बारीक भोक पडले की हवा दाबाने पाण्यात विरघळते, आणि सोड्याच्या बाटलीप्रमाणे पाणी वायूने अतितृप्त होते. तो वायू माशाच्या अंगात पुन्हा मोकळा होतो. डोळ्यामागच्या ज्या जाळ्याचा उल्लेख वर आला, तेथे वायूचा दाब मुळातच जास्त असल्याने बुडबुडे तेथे आधी दिसतात. खोल विंधन विहिरीचे नुकतेच उपसलेले पाणीही असेच वायूने भरलेले असू शकते. उपाय औषधाच्या दुकानात नाही. नळी बदलावी, सांधे घट्ट करावेत, पाणी वापरण्यापूर्वी दिवसभर उघड्या भांड्यात खळखळवून ठेवावे.

पडद्यावरील कृमी. चपट्या, काचेसारख्या पारदर्शक कृमींची एक जात कातडीवर आणि डोळ्यांच्या पडद्यावर चिकटून राहते. दोन्ही डोळे धुरकट, अंग घासणे, पाणी मात्र उत्तम, अशी लक्षणे असली की हिची शंका घ्यावी. परीक्षेची रीत सोपी आहे. गोड्या पाण्याची उष्णता टाकीइतकी करावी, खाण्याच्या सोड्याने सामू जुळवावा, हवेची नळी सोडावी आणि मासा त्यात पाच मिनिटे ठेवावा. गोडे पाणी शोषून कृमी पांढऱ्या होतात आणि तिळाच्या तुकड्यांसारख्या तळाशी पडतात. मासा आडवा पडून निपचित झाला तर लगेच काढावा. हे स्नान निदानही करते आणि तात्पुरता आरामही देते. खरा उपचार प्राझिक्वान्टेल या कृमिनाशकाचा. लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. परंतु अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून आठवड्याच्या सुमारास पुन्हा द्यावे लागते.

पांढरे ठिपके. रव्याच्या कणांसारखे ठिपके अंगावर, परांवर आणि डोळ्यावरही दिसतात. हा क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या एकपेशीय जीवाचा उपद्रव. तो काही दिवसांनी मासा सोडून तळाशी कोष करतो, ठिपके नाहीसे होतात, आणि मालक समाधान पावतो. पुढच्या फेरीला शेकडो नवे जीव येतात. यावर तांब्याचे औषध चालते. द्राक्षबागेवर मोरचूद मारणाऱ्यास तांब्याचा गुण ठाऊकच आहे. पण येथे मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म, आणि ती रोज मोजून तीन आठवडे कायम ठेवावी लागते. बाजारातल्या काही संयुगांची मात्रा वेगळी असते. बाटलीवरील सूचना पाहावी. तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना मारते, आणि वाळू-शंखांत शोषले जाते. म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. सर्व मासे बाहेर काढून मुख्य टाकी सहा ते दहा आठवडे बिनमाशांची ठेवली म्हणजे कोषांतून निघालेले जीव उपासमारीने मरतात.

मोतीबिंदू. भिंग एकदा दुधाळ झाले की ते औषधाने स्वच्छ होत नाही. मात्र याचे कारण कित्येकदा आहारात सापडते. १९९० नंतरच्या दशकात युरोपातल्या सामन माशांच्या शेतीत मोतीबिंदूची साथ आली. खाद्यातून रक्ताची भुकटी काढून टाकल्याने हिस्टिडिन हे अमिनो आम्ल कमी पडू लागले होते, असे संशोधनात दिसून आले. यावरून घरच्या माणसाने एवढेच घ्यावे की वर्षभर एकाच डब्यातले सुके खाद्य घालू नये. कोळंबी, मासळी, समुद्री शेवाळ असा पालट ठेवावा.

औषधाविषयी इशारा

औषध द्यावयाचे ते वेगळ्या, रिकाम्या तळाच्या इस्पितळ-टाकीत. जंतुनाशक मुख्य टाकीत ओतले तर गाळणीतले उपकारक जीवाणूही मरतात, अमोनिया चढतो, आणि ज्या डोळ्यासाठी हे केले तोच पुन्हा जळतो. माणसांसाठी आणलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची रीत तर सर्वथा व्यर्थ आहे. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतात. ते माशापर्यंत पोहोचत नाही. उलट अशा अर्धवट मात्रांनी जीवाणू औषधाला सरावतात. औषधाचे पाणी उघड्या नालीत सोडले तर ही सवय टाकीबाहेरही जाते. आपल्या घरातल्या लेकराला उद्या तेच औषध लागणार आहे, हे विसरू नये.

हात घालतानाही सावध असावे. माशांना क्षयासारखा रोग करणारा एक जीवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून हट्टी गाठी उत्पन्न करतो. जखम असेल तर हातमोजे घालावेत; गाठ उठल्यास डॉक्टरांना आपण मासे पाळतो हे आवर्जून सांगावे.

आपल्या जिल्ह्यात निदानासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे आणि पशुवैद्यकाचेही महाविद्यालय आहे. चार ओळींची वही, पाण्याचा नमुना आणि माशाचे छायाचित्र घेऊन तेथे विचारणा करावी.

आपल्या भागापुरते

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूरला पाजावे लागले. अशा जिल्ह्यात शोभेच्या माशांसाठी पाणी वापरावे का, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. आमचे उत्तर असे की, ज्याला टंचाईतही टाकी चालविता येणार नाही त्याने ती मांडू नये. विंधन विहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते, टँकरच्या पाण्यात क्लोरिन असतो. म्हणून आरओ यंत्राचे पाणी घ्यावे लागते, आणि त्या यंत्रातून एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. ते भांडी-धुण्यास लावावे. टंचाईच्या वर्षी लागणारे पाणी आधीच साठवावे. वीज गेली तर हवेचा पंप चालावा म्हणून बॅटरीवरची सोय ठेवावी. चैत्र-वैशाखात पाणी ३० अंशांवर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि जुने विकार डोके वर काढतात.

नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी चार आठवडे वेगळा ठेवावा. पकडताना जाळीऐवजी प्लॅस्टिकचा डबा वापरावा. डोळ्यांच्या कितीतरी जखमा जाळीनेच होतात. आणि समुद्री घोडा कोणी विकू लागला तर घेऊ नये. २००१ पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

एक डोळा गेलेला मासा वर्षानुवर्षे जगू शकतो. त्याला दिसणाऱ्या बाजूने अन्न द्यावे, टाकीतले दगड वारंवार हलवू नयेत. दोन्ही डोळे गेले, अन्न सुटले आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तर लवंगेच्या तेलाच्या जास्त मात्रेने त्याला शांतपणे मरू देणे ही क्रूरता होत नाही.

समुद्री शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती आजही प्रवाळांतून पकडून आणलेल्या असतात. क्लाउनसारख्या काही जाती मात्र आता पैदास केंद्रांत वाढविल्या जातात. खरेदी करताना पैदास केलेला मासा मागावा. आणि जो मासा समुद्र सोडून इतक्या दूर आपल्या घरी आला, त्याच्या डोळ्यावर ढग दिसला तर औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी पाणी मोजावे, एक डोळा की दोन ते पाहावे, आणि तारीख घालून लिहून ठेवावे. एवढे तीन नियम पाळले तरी बरेच मासे वाचतील.